चालू मशीनला भाव

रेडिओ हे काही तिचं खरं नाव नव्हतं. पण खरं नाव विचारलं असतं, तर गल्लीतल्या निम्म्या लोकांना डोकं खाजवावं लागलं असतं. लहानपणी ती एकदा सुरू झाली की बंद व्हायची नाही, आणि तिच्या एका गळ्यातून दहा माणसं बोलायची. शाळेतल्या बाई, दूधवाला, समोरच्या घरातलं भांडण, त्या भांडणात मध्येच भुंकणारं कुत्रं. मोठी झाल्यावर ती एका ऑर्केस्ट्रात गेली. गाणी म्हटली, नकला केल्या, वर्षानुवर्षं गावोगाव हिंडली. मग ऑर्केस्ट्रा मोडला. गिटारवाल्याने किराणा दुकान टाकलं, ड्रमवाला लेकीकडे राहायला गेला, आणि रेडिओ एक स्पीकर, एक माईक आणि टिकल्यांचं जांभळं जॅकेट घेऊन थोरल्या बहिणीच्या घरी मागच्या खोलीत येऊन राहिली. लग्न तिने केलं नव्हतं. "मला बघायला आलेल्या प्रत्येकाची मी त्याच्या तोंडावरच नक्कल केली," ती सांगायची, "मग कोण थांबतोय?"

पूर्वी यावर लोक हसायचे. आता गल्लीत कुणाला फारसं हसू येत नव्हतं.

गल्लीच्या टोकाला मोज्यांचा कारखाना होता. इमारत अजून उभी होती, पण गेटला कुलूप होतं आणि कुलपालाही गंज चढला होता. म्हातारे मालक गेल्यावर मुलांना बाहेरून स्वस्त मोजे आणून विकणं सोपं वाटलं. मग तेही जमेना. एका सकाळी कामावर गेलेली माणसं डबे तसेच हातात घेऊन परत आली. त्याला आता दोन हिवाळे उलटले होते. ज्या गल्लीत सकाळी नळावर भांडायलाही कुणाला वेळ नसायचा, तिथे आता धडधाकट माणसं दिवसभर उंबऱ्यावर बसून असायची. काहींनी गाव सोडलं, काही हमाली करत होती, आणि बाकीची 'बघू' म्हणत होती. बघू, बघू म्हणता म्हणता नजरच विझत चालली होती.

ताईच्या घरात तर दोघेही कारखान्यातले. भाऊजी मशीनचे मिस्त्री. कुठल्या मशीनचं कुठं दुखतंय हे ते लांबूनच ओळखायचे. ताई जोड्या खात्यात. तयार मोज्यांचा ढीग पुढ्यात घेऊन सारख्याला सारखा जुळवायचा, दुमडायचा, चिठ्ठी लावायची. उभं आयुष्य दोघांनी तिथे घालवलं. आता भाऊजी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे, आणि ताई घासलेली भांडी पुन्हा घासायची.

म्हणजे कमावती एकटी रेडिओ. मुलांचे वाढदिवस, दुकानांची उद्घाटनं, कुठल्या तरी सोसायटीचं संमेलन, जे मिळेल ते. साठीकडे झुकलेली बाई जांभळं जॅकेट घालून मुलांपुढे माकडाचा आवाज काढायची आणि बसने उभ्याने घरी यायची. गुडघे कुरकुरायला लागले होते. गळा तर रोजच बसायचा. आली की ती पायरीवर बसून राहायची आणि ताई न विचारता मिठाचं गरम पाणी आणून द्यायची.

"आज कुणाकडे होतं?"

"एका दातांच्या डॉक्टरच्या पोराचा वाढदिवस. केक एवढा गोड होता, गिऱ्हाइकं तयारच करत होते."

ताई हसली नाही. ताई तशी कधीच हसायची नाही. पण पूर्वी निदान "पुरे झालं" असं तरी म्हणायची.

अशात एके दुपारी लिलाववाला घरी आला. जाडजूड माणूस, गळ्याला पांढरा रुमाल गुंडाळलेला. बोलायला लागला तर आवाजच नाही, नुसती हवा.

"घशाचं ऑपरेशन झालंय," तो कुजबुजला. "डॉक्टर म्हणतात, सहा महिने ओरडायचं नाही. आता न ओरडता लिलाव कसा करायचा? त्या फर्निचरच्या दुकानापुढे तुमचा कार्यक्रम ऐकला मी. तुम्ही माझं तोंड व्हाल का, बाई? मी कानात सांगायचं, तुम्ही मोठ्याने म्हणायचं."

"कशाचा लिलाव?"

त्याने खिडकीतून बोट दाखवलं. बोटाच्या रेषेत गल्लीचं टोक होतं.

ताईने त्याच्यासाठी आणलेला चहा खिडकीतच ठेवून दिला. खाटेवर भाऊजींची पाठ होती तशीच राहिली, पण घोरल्यासारखा जो श्वास चालला होता तो थांबला.

रेडिओने पायांची अढी बदलली. "घ्यायला कोण येणार?"

"दुसरं कोण? भंगारवाले. वजनावर जाईल सगळं."

"मशीनं वजनावर?"

"बंद मशीन म्हणजे लोखंडच, बाई."

"आणि चालू मशीनला?"

लिलाववाल्याने तिच्याकडे नीट बघितलं. धंदेवाईक माणूस होता. "चालू मशीनला भाव असतो. माझी दलालीही त्यावरच. पण चालवून दाखवणार कोण?"

"ते माझ्यावर सोडा," रेडिओ म्हणाली, आणि म्हणाल्यावर तिचं तिलाच वाटलं, हे आपण काय बोलून बसलो?

तो गेल्यावर भाऊजी उठून बसले. कित्येक दिवसांत ते असे ताठ बसले नव्हते. "घरातल्या मयतावर बोली लावायला निघालीस," एवढंच म्हणाले आणि पुन्हा आडवे झाले.

दुसऱ्या दिवशी गल्लीभर तेच. नळावर बायका तिला बघून गप्प झाल्या. इस्त्री खात्यातल्या एकीने तर पाणी भरता भरता सुनावलं, "आमच्या जखमेवर मीठ चोळायचं, ते पण माईकवरून!" रेडिओने तिच्याच आवाजात, तिच्याच मानेच्या झटक्यासकट ते वाक्य परत म्हटलं. एरवी हशा पिकला असता. त्या दिवशी कुणी ओठसुद्धा हलवला नाही. ती बादली उचलून घरी आली.

कपडे वाळत घालताना ताईने विचारलं, "तुझ्या मनात तरी काय आहे?"

"कुणीतरी ती मशीनं चालताना बघावीत. भंगारवाल्याखेरीज कुणीतरी."

"आणि बघून उचलून दुसऱ्या गावाला नेली तर?"

"तर नेली."

"मग आपल्याला काय?"

रेडिओने ओली चादर पिळली, झटकली. "मला नाही माहीत, ताई. मी काही शिकलेली नाही. मला एवढंच कळतं, की पडदा पाडून ठेवलेल्या स्टेजकडे कुणी फिरकत नाही. पडदा वर केला तर कुत्रं तरी येतं."

ताईने चादरीचं दुसरं टोक धरलं. "कुत्रंच येईल," ती म्हणाली.

लिलाववाल्याने आपल्या ओळखीत निरोप धाडले, की मशीनं चालू हालतीत दाखवली जातील. कारखान्याची वीज त्याने जोडून घेतली आणि किल्ली रेडिओकडे दिली. आता माणसं हवी होती. रेडिओ दारोदार फिरली. कुणी पाठ दुखते म्हणालं, कुणी म्हणालं फुकट का राबू, एकाने दारच लावून घेतलं. कुणावर रागवावं असं तिला वाटेना. ती सगळी माणसं दमली होती, आणि काम करून येणारा शीण वेगळा, काम नसल्याने येणारा वेगळा. दुसऱ्या शिणाला झोपही उतारा नसते.

चहाच्या टपरीवर विणकर बसलेले असायचे. त्यांचा म्होरक्या म्हणजे सात नंबर. सात नंबरचं मशीन तो इतकी वर्षं चालवत होता, की त्याची बायकोसुद्धा त्याला त्याच नावाने हाक मारायची. तोंडाने तिखट, मनाने त्याहून. रेडिओ तिथे जाऊन बसली, चहा मागवला आणि काही न बोलता तोंडाने आवाज काढायला लागली. खटखट, खटखट, खटखट, एका लयीत.

"हे काय?" सात नंबरने विचारलं.

"तुझं मशीन."

"हॅ!"

रेडिओ थांबली नाही. खटखट, खटखट. बाकीचे कपात बघत राहिले. सात नंबर एकदा इकडे वळला, एकदा तिकडे. त्याला ते सहनच होईना.

"अगं गप! माझं मशीन असं वाजायचं? हा काय टांगा आहे? खट-सुर्रर्र, खट-सुर्रर्र असं जायचं, आणि टाच आली की उलटं फिरायचं. सुर्र इकडे, सुर्र तिकडे, सुर्र इकडे. टाच वळायची ना, बाई! तुला टाचेचा आवाजच माहीत नाही."

"असा?" रेडिओने मुद्दाम चुकीचा काढला.

"असा नाही!" त्याने टेबलावर हाताने, तोंडाने करून दाखवलं. शेजारचा म्हणाला, "तुझं टाचेला अडखळायचं. माझं नाही." "तुझं? तुझं तर पायरीवरून पडल्यासारखं वाजायचं." "वाजत असेल, पण टाका सोडला का कधी?" बघता बघता टपरीवर पाच-सहा मशीनं सुरू झाली. पोक्त माणसं तोंडाने खटखट करत एकमेकांवर ओरडत होती आणि टपरीवाला किटली हातात धरून बघत उभा होता.

मग आवाज हळूहळू ओसरले. सात नंबरचे डोळे लाल झाले होते.

"किल्ली माझ्याकडे आहे," रेडिओ म्हणाली. "उद्या सकाळी उघडते. यायचं तर या, नाही तर नका येऊ. मला आता बोलायचा कंटाळा आलाय."

सकाळी ती गेटपाशी गेली तेव्हा सात जण उभे होते. थोड्या वेळाने काटेवाली मावशी आली. मोज्याची बोटांकडची उघडी बाजू बंद करायची, तर त्यातला एकेक टाका गोल चकतीवरच्या बारीक काट्यावर चढवावा लागतो. एक जरी टाका निसटला तर चार दिवसांत अंगठा बाहेर. ते काम मावशीइतकं सफाईने कुणी करत नसे. आता तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता. "मी काय, बोटांनी बघते," ती म्हणाली आणि आत शिरली.

आत बघवत नव्हतं. सुताच्या शंकूसारख्या रिळांत उंदरांनी घरं केली होती. मशीनच्या सुयांवर तांबडी पूड चढली होती. इस्त्री खात्यात पत्र्याचे पाय, ज्यांच्यावर मोजे चढवून वाफ द्यायची, ते रांगेने उभे होते. त्यांच्यावर धुळीचे मोजे चढले होते. एकाने झाडू घेतला, दुसऱ्याने खिडकी उघडली.

दुपारी सात नंबर ताईच्या दारात आला. आत न बघता मोठ्याने म्हणाला, "वहिनी, मिस्त्रींना एवढंच विचारा, की मुख्य दांड्याचा नट उलटा फिरतो का सुलटा? आम्ही आपला हातोडा मारून बघतो."

खाटेवरून आरोळी आली. "हात लावू नका! खबरदार हातोडा मारलात तर!" आणि भाऊजी चपला शोधायला लागले. चपला मिळेनात. ताईने खाटेखालून काढून दिल्या. त्या इतके दिवस वापरात नव्हत्या, की आत कोळ्याने जाळं धरलं होतं.

पुढचे काही दिवस सगळे तिथेच होते. कुणाच्या मनात मोठी आशा होती असं नाही. सात नंबर रोज सकाळी म्हणायचा, "मढं सजवतोय आपण," आणि रोज सगळ्यात शेवटी निघायचा. नळावर टोमणा मारणारी इस्त्रीवाली एक दिवस आपणच आली, पत्र्याचे पाय पुसायला लागली, आणि रेडिओशी एक शब्द बोलली नाही. रेडिओ झाडू मारायची, चहा आणायची, संध्याकाळी कुठे कार्यक्रम असला की जॅकेट पिशवीत कोंबून पळायची. एकदा एका साखरपुड्यात गाता गाता तिचा आवाज मध्येच फाटला. लोकांना वाटलं नक्कलच आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

लिलावाच्या सकाळी भंगारवाले आले. दहा-बारा असतील. एकमेकांना ओळखत होते, भाव आधीच आपसांत ठरवून आले होते, आणि पायाने मशीनं ठोकून बघत होते. त्यांच्यात एक बाई होत्या, करड्या केसांच्या, पायात सपाट बूट. दुसऱ्या गावात त्यांचा शाळेच्या गणवेशांचा कारखाना होता, म्हणून लिलाववाला त्यांना गणवेशवाल्या बाई म्हणत होता. मोज्यांची पाच-सहा मशीनं मिळाली तर उचलून न्यावीत, या हिशेबाने त्या आल्या होत्या.

रेडिओ जांभळं जॅकेट घालून एका खोक्यावर उभी राहिली. लिलाववाला तिच्या कानाशी. भाऊजींनी खटका ओढला.

आधी नुसती घरघर झाली. मग एक मशीन, मग दुसरं, मग सगळी. खट-सुर्रर्र, खट-सुर्रर्र. जमीन हलायला लागली. खिडकीबाहेर गल्लीतली माणसं गोळा झाली होती. आत येणार नाही म्हणून बसलेलीही उठून आली. त्यातल्या एका म्हातारीने कानांवर हात ठेवले आणि मग काढले. नळीसारखे पांढरे मोजे मशीनमधून खाली लोंबायला लागले. ते मावशीकडे गेले, तिथून इस्त्रीकडे, तिथून ताईकडे. ताईने पहिली जोडी जुळवली आणि ओळीत ठेवली.

आणि तेवढ्यात फट्कन आवाज झाला, आणि सगळं बंद पडलं.

अंधार नव्हता, दिवस होता, पण शांतता अशी पडली की माशी उडाली तर ऐकू यावी. एक भंगारवाला मोठ्याने हसला. "चला, आता वजनकाटा आणा!"

"बाई, बोला काहीतरी," लिलाववाला कुजबुजला. त्याच्या कपाळावर घाम होता. "हे निघाले तर संपलं."

भाऊजी मीटरच्या पेटीत डोकं घालून उभे होते. त्यांनी मागे वळून हाताने खूण केली, थांबव त्यांना.

थांबवायचं कसं? रेडिओला त्या क्षणी फक्त खाली बसावंसं वाटत होतं. तिने एक गाणं सुरू केलं, गळ्याने साथ दिली नाही. एक जुना विनोद सांगितला, कुणी हसलं नाही. दोघे जण दाराकडे निघाले. मग तिने खोक्यावरून उडी मारली, गुडघ्यातून कळ गेली, आणि मघाशी हसलेल्या भंगारवाल्याची चाल धरली. तशीच पोट पुढे काढून ती एका खुर्चीपाशी गेली, खुर्चीला लाथ मारली, वाकून वास घेतला आणि त्याच्याच घोगऱ्या आवाजात म्हणाली, "गंजलंय. फुकट देता का? नेण्याचे पैसे वर द्या." बाकीचे भंगारवाले फुटले. "याला बघा, याला!" म्हणून त्यांनी एकाला पुढे ढकललं. रेडिओने त्याचीही नक्कल केली, मग तिसऱ्याची. मग भंगारवाला स्वतःच्या सासूचं वजन करायला निघालाय, असा एक प्रसंग तिने जागच्या जागी रचला. दाराकडे गेलेले दोघे परत आले. खिडकीतली माणसंही हसत होती. गल्ली हसत होती. तिकडे बघायला मात्र रेडिओला फुरसत नव्हती, कारण तिचा आवाज चालला होता आणि ती उरलेल्यावर भागवत होती.

शेवटी भाऊजींनी पेटीचं दार लावलं. मशीनं पुन्हा धडधडली. रेडिओ खोक्याला टेकली. तोंडातून आता हवाच निघत होती. लिलाववाला आणि ती, दोघांची एकच गत.

गणवेशवाल्या बाई हसल्या नव्हत्या. त्या ताईच्या टेबलापाशी उभ्या होत्या. त्यांनी एक मोजा उचलला, आत हात घातला, बोटांची बाजू ताणून बघितली, उलटा करून बघितली. "हे कुणी जोडलं?"

ताईने मावशीकडे बोट केलं.

"आमच्याकडे इथेच उसवतात," बाई म्हणाल्या. "पालक येऊन भांडतात. मशीनं मी नेईन हो, पण हे करणारी माणसं तिकडे कुठून आणू?"

"आमचं उलटं झालंय, बाई," रेडिओ घोगऱ्या आवाजात म्हणाली. "दात आहेत, चणे नाहीत. ही माणसं काही ट्रकमध्ये चढवता येणार नाहीत. घरं आहेत त्यांची इथे. मशीनं इथेच राहू द्या की."

लिलाववाल्याने तिचं जॅकेट मागून ओढलं. हे त्याने कानात सांगितलेलं नव्हतं. पण बाईंनी त्यालाच विचारलं, "या शेडचं काय?"

"शेड?" तो गडबडला. "शेडला कुणी विचारत नाही. भाड्यानेही द्यायला तयार आहेत."

विणाई खात्यातल्या निम्म्या मशीनवर बाईंनी बोली लावली, भंगारवाल्यांच्या वर गेल्या आणि ती घेतली. उरलेली भंगारात गेली, आठ नंबरपासून पुढची सगळी. सात नंबर शेजारच्या मशीनला ट्रकमध्ये चढताना बघत उभा राहिला. बाई मशीनं उचलायला माणसं पाठवते म्हणून निघून गेल्या आणि गल्ली पुन्हा उंबऱ्यावर बसली.

पण उचलायला कुणी आलं नाही. आल्या त्या स्वतः बाई, बरोबर त्यांचा भाऊ. दोघांनी छप्पर बघितलं, पाण्याची टाकी बघितली, भाऊजींना शंभर प्रश्न विचारले आणि पुढची शेड भाड्याने घेतली. शाळा सुरू व्हायच्या आत त्यांना मोजे हवे होते. विणकर घेतले, जोडणीच्या बायका घेतल्या, इस्त्रीतल्या काही, आणि मिस्त्री. सगळे मिळून पूर्वीच्या निम्मेसुद्धा नाहीत. पगारही आधीपेक्षा बेताचा. जोड्या खातं त्यांना नको होतं. जोड्या लावून खोक्यात भरायला त्यांच्या गावी माणसं होती.

म्हणजे ताईला काम नव्हतं.

ज्यांना मिळालं ते रेडिओच्या दारात आले. कुणी केळी आणली, इस्त्रीवालीने नुसतेच दोन्ही हात धरले. ज्यांना मिळालं नाही ते आले नाहीत. टपरीवर कुणीतरी म्हणालं, "रेडिओने आपल्या भाऊजींचं बरोबर बघितलं." ते तिच्या कानावर आलंच. लिलाववाल्यानेही निरोप धाडला, की पुढच्या वेळी दुसरं तोंड बघतो, तुम्ही फार बोलता.

रेडिओ बाईंना जाऊन भेटली. ताईचं नाव काढलं, इतरांचंही काढलं. बाईंनी हातातलं काम खाली ठेवलं. "जेवढ्यांना पोसता येईल तेवढ्यांनाच घेतलंय. आणखी घेते म्हटलं असतं तर तुम्हाला आज बरं वाटलं असतं, आणि सहा महिन्यांनी सगळेच पुन्हा बाहेर. मागणी वाढली तर माणसं वाढतील." रेडिओला भांडायचं होतं, पण या उत्तरात भांडायला जागा सापडेना.

ती घरी येऊन पायरीवर बसली. ताई पाणी घेऊन आली आणि शेजारी टेकली.

"मी विचारून आले," रेडिओ म्हणाली. "नाही म्हणाल्या. मागणी वाढली तर बघू म्हणाल्या."

"मला ठाऊक होतं."

"तू रागव तरी माझ्यावर."

"कशाला?" ताई म्हणाली. "तुझे भाऊजी रात्री झोपतात आता. सकाळी डबा मागतात. भाजीत मीठ कमी आहे म्हणून काल ओरडलेही. दीड वर्षात माझ्यावर ओरडले नव्हते." थोडा वेळ ती आपल्या बोटांकडे बघत राहिली. "मला वाईट वाटतं गं. वाटणारच. सवय आहे हातांना. झोपेतसुद्धा दुमडतात." मग ती उठली. "उद्या कुठे आहे तुझं?"

"लांब आहे. चपला-बुटांचं दुकान उघडतंय."

"तो स्पीकर मी उचलते. तुझे गुडघे गेलेत."

"तू? तिथे तुझं काय काम?"

"घरात तरी काय आहे?"

सकाळी भाऊजी डबा घेऊन गेटाकडे गेले आणि दोघी बहिणी बसस्टॉपवर उभ्या राहिल्या. ताईने स्पीकर दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता आणि तोंडाने सारखी चालली होती. एवढं जड असतं होय हे, सांगितलं नाहीस कधी, याला चाकं लावता येत नाहीत का. रेडिओ काही बोलत नव्हती, गळा जपत होती. बस दिसायला लागली तशी ताई एकदम म्हणाली, "बुटांच्या दुकानात मोजेही ठेवतात ना गं?"

"ठेवतात की."

"कुणाचे ठेवतात?"

रेडिओने मान वळवून बहिणीकडे बघितलं. ताईच्या चेहऱ्यावर नेहमीसारखंच काहीच नव्हतं. पण खांद्याच्या पिशवीतून लिलावाच्या दिवशी तिने जुळवलेल्या नव्या मोज्यांच्या जोड्या डोकावत होत्या, सारख्याला सारख्या, नीट दुमडलेल्या.

"विचारू आपण," रेडिओ म्हणाली. बस भरून आली होती. दोघी कशाबशा चढल्या आणि स्पीकर मध्ये धरून उभ्या राहिल्या.